मी दिल्लीला लिहिलेलं पत्र

फुटबॉल मला खेळता येत नाही. मैदानावर मी असायचे ती कडेला, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. यवतमाळला आमच्या गल्लीत एक सर राहतात. निवृत्त पी.टी. शिक्षक, आणि एका जुन्या क्लबचे सेक्रेटरी. ते एकदा आईला म्हणाले, "तुमच्या पोरीले इंग्रजी येते ना? मंग संध्याकाळी तासभर देत जा मले तिले." आई हसली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं. नाही म्हणायची वेळ आली की मी खाली बघते आणि समोरचा माणूस तो होकार समजतो.

सरांना इंग्रजीची गरज पडली, कारण फुटबॉलचा कारभार बदलला होता. पूर्वी त्यांच्याकडे एक जाड रजिस्टर असायचं. त्यात नाव लिहिलं की खेळाडू आपला. पुसदला स्पर्धा असली की पुसदचा एखादा आमच्याकडून खेळायचा, वणीला गेलं की आमचे दोघं त्यांच्याकडून. चांगला गोलकीपर तर लग्नातल्या मोठ्या पातेल्यासारखा, ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून मागून आणायचा. शिवाय यादीत चार-पाच नावं जास्तीचीच असायची. ऐन सामन्याच्या दिवशी कुणाची परीक्षा निघायची, कुणाच्या घरी पाहुणे, कुणी कापूस वेचायला. "नाव असू दे," सर म्हणायचे. त्या नावाचं कुणी आलं तर आलं. नाही आलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आता हे सगळं वर गेलं होतं. आमच्यावर जिल्ह्याची संघटना, तिच्यावर राज्याची, आणि सगळ्यात वर देशाची. सर तिला नुसतं दिल्ली म्हणायचे. "दिल्लीनं जन्मदाखले मांगितले." "दिल्ली नाही म्हणते." जणू दिल्ली नावाच्या कडक स्वभावाच्या आत्याबाई होत्या. दिल्लीचं एक पोर्टल होतं. प्रत्येक खेळाडूला त्यावर एक नंबर मिळायचा, तो जन्मभराचा. एका वेळी एक खेळाडू एकाच क्लबचा. क्लब बदलायचा तर जुन्या क्लबची संमती, नव्याचा अर्ज, खेळाडूची कबुली, आणि हे सगळं ठरलेल्या मुदतीत.

मला हे आवडायचं, हे कबूल करायला हवं. मुंबईची मुलगी आणि आमच्याकडची मुलगी एकाच यादीत, एकसारख्या नंबरांनी. वय चोरणारे पकडले जायचे. पंचांच्या परीक्षा, डॉक्टरचे दाखले, शिस्तीचे नियम, सगळं लिहिलेलं, सगळं इंग्रजीत. ते नियम मी बसून वाचायचे. मैदानावरच्या मुली एकमेकींना चिडवत, ओरडत असायच्या. त्या बोलण्यात मला शिरता यायचं नाही. कॉन्व्हेंटमधली माझी मराठी त्यांना पुस्तकी वाटायची आणि त्यांची वऱ्हाडी माझ्या तोंडी नाटकी. नियम मात्र मला समजायचे.

त्या मुलींमध्ये ढाणकीची एक होती. सतरा वर्षांची. अकरावीसाठी यवतमाळला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायला आलेली. डाव्या पायानं खेळायची, आणि चेंडू तिच्याकडे आला की सर शिट्टी तोंडातून काढायचे, एवढं मला दिसायचं. बाकी खेळातलं मला कळत नाही. ती माझ्याशी बोलायची. इतर मुली मला मॅडम म्हणायच्या, ती दीदी म्हणायची.

उन्हाळ्यात एकदा ती नळावर पाणी पिऊन माझ्या खुर्चीजवळ आली.

"दीदी, सर रागावतीन का?"

"कशाला?"

"नागपूरच्या क्लबनं माहा फॉर्म भरला. त्यांच्या मॅडम म्हणे, तुले राज्याच्या कॅम्पले पाठवू. अब्बा हो म्हणाले. पण सरले सांगाची हिंमत नाही होऊन राह्यली."

मी म्हटलं, "नाही रागावणार. चांगलंच आहे की."

"तुम्ही सांगून द्या ना मंग."

"बरं," मी म्हटलं. आणि सांगितलं नाही. सरांना काही सांगायचं म्हणजे वाक्य जुळवावं लागायचं. मला वाटलं, कळेलच त्यांना.

महिन्याभरानं महिलांच्या लीगसाठी नावं द्यायची शेवटची तारीख आली. यादीत कमीत कमी अठरा नावं हवी होती. आमच्याकडे सतरा होती. पोर्टल पाच वाजता बंद होणार होतं आणि साडेतीनला सर त्यांच्या ओसरीवर येरझाऱ्या घालत होते.

"दिल्लीची खिडकी बंद होऊन राह्यली अन् तू पाहत काय बसली? टाक त्या ढाणकीवालीचं नाव."

"सर, ती..." मी म्हटलं.

"अवं ती खेळाले आली काय अन् नाही आली काय. नाव असू दे. यादी त पुरी होते."

तेव्हा मी फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं. तिचं नागपूरला नाव लागलंय, एवढंच. ते माझ्या तोंडात तयारही होतं. पण मग सरांनी विचारलं असतं, तुला कधीपासून माहीत आहे, आणि पहिल्याच वेळी का नाही सांगितलं. म्हणून मी मान खाली घालून नाव टाकलं. पोर्टलवर आमच्याकडून तिची नोंद कधी झाली नव्हती, पण तिचा जन्मदाखला माझ्याकडे होताच. ओटीपी तिच्या अब्बांच्या मोबाइलवर गेला असता, म्हणून मी माझा नंबर दिला. शेवटी खेळाडूनं द्यायची कबुली होती, की मी दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे नोंदलेली नाही. तिथेही मीच टिचकी मारली. पोर्टलनं हिरवी खूण दाखवली. सर म्हणाले, "झालं ना? मंग कायले घाबरत होती?" आणि त्यांनी मला चहा करून आणला.

पावसाळा संपता संपता ईमेल आला. एकाच जन्मदाखल्यावर दोन नोंदी सापडल्या होत्या. दोन क्लब, दोन मोबाइल नंबर. सात दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर क्लबवर कारवाई होईल. भाषा सभ्य होती. कुणी आमच्यावर ओरडलं नव्हतं. त्यांनी जे विचारलं ते कुणीही विचारलं असतं.

सर घाबरले. मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षांचा क्लब होता त्यांचा. "तुले लिहिता येते," ते म्हणाले. "असं लिही का क्लबवर काही नाही आलं पाहिजे." बस, एवढंच. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते की मला सरांनी लिहायला लावलं.

ते पत्र मी दुपारी जेवण झाल्यावर लिहायला बसले. मला सुचत गेलं. शाळेत निबंधाला मला नेहमी बक्षीस मिळायचं, तसं. मी लिहिलं की क्लब नियमांचा आदर करतो, की क्लबनं सद्भावनेनं नोंदणी केली. आणि मग एक वाक्य लिहिलं, ज्याचं मराठी असं होईल: सदर खेळाडूने आपली आधीची नोंदणी क्लबपासून जाणूनबुजून लपवून ठेवली. आधी मी नुसतं 'कळवली नाही' असं लिहिलं होतं. तेही खोटंच होतं, पण ते मला फिकट वाटलं. मग मी 'लपवून' लिहिलं, आणि वाक्याचा तोल बरा वाटेना म्हणून 'जाणूनबुजून' घातलं. नळाजवळ उभी राहून तिनं मला काय सांगितलं होतं, ते मला त्या वेळी आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. मी ते बाजूला ठेवलं.

मी सरांना वाचून दाखवलं. त्यांना अर्धंच समजलं असेल, पण ते म्हणाले, "वा! वकिलावानी लिहिलं." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दिल्लीनं क्लबला समज देऊन सोडलं. तिला त्या मोसमापुरतं निलंबित केलं. राज्याचा कॅम्प पंधरा दिवसांवर होता.

ती मैदानावर यायची बंद झाली. मी चौकशी केली नाही. मग एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. तीच होती. अब्बांच्या मोबाइलवरून बोलत होती, हळू आवाजात.

"दीदी, तुम्ही ढाणकीले या ना एकदा. अब्बा माह्याशी बोलून नाही राह्यले. पंधरा दिवस झाले. खालाकडून घेऊन आले मले, कॉलेज बी बंद केलं. त्या कागदात लिहिलं आहे म्हणे का मी लपवलं. मी त तुम्हाले सांगितलं होतं! ते दिल्लीवाल्याईनं काहीच्या काही लिहिलं. तुम्ही समजावून सांगा अब्बाले. तुम्हाले इंग्रजी येते, तुमचं ऐकतीन."

तिला माझा जराही संशय नव्हता. मी "येते" म्हटलं आणि पुढचे तीन दिवस गेले नाही. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "कायले जातं? हप्त्याभरात थंड होते सारं." चौथ्या दिवशी आईला क्लबचं काम आहे असं सांगून मी उमरखेडची एसटी धरली. ते खोटं नव्हतं, म्हणून सोयीचं होतं. उमरखेडहून दुसरी गाडी. वाटेत मी मनात दोन भाषणं तयार केली. एकात मी सगळं सांगत होते. दुसऱ्यात सांगत होते की पत्रात तांत्रिक चूक झाली आहे आणि आपण दुरुस्ती मागू. ढाणकी येईपर्यंत मी दुसरं पक्कं केलं होतं.

तिच्या अब्बांचं मोटर वाइंडिंगचं दुकान बाजाराच्या रस्त्याला होतं. विहिरीवरच्या मोटारी ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर खडूनं गावाचं नाव. व्हार्निशचा वास. अब्बा जमिनीवर बसून तांब्याची तार गुंडाळत होते, चष्मा नाकाच्या टोकावर. आपल्या मोटारीची वाट पाहत दोन शेतकरी बाकावर बसले होते. मला पाहून त्यांतला एक म्हणाला, "काय मिस्त्री, ह्या बाई दिल्लीवरून आल्या काय?"

"यवतमाळसे," अब्बा म्हणाले. "दिल्ली को इतनी फुरसत नहीं." मग मला म्हणाले, "आओ बेटा. दीदी तुम्हीच ना?"

ती आतून चहा घेऊन आली आणि तारांच्या पोत्यावर बसली. माझ्याकडे पाहून हसली. अब्बांनी हात पुसले आणि एका प्लास्टिकच्या पिशवीतून निलंबनाचा तो आदेश काढला. नेट कॅफेतून छापून आणलेला.

"कॅफेवाले ने पढा. बोला, इसमें लिखा है लडकी ने छुपाया. हम बोले, फिर पढ. उसने तीन बार पढा, तीनों बार वही. अब तुम पढो. एक-एक लफ्ज. मराठीत सांगा, मले मराठी येते."

मी वाचायला लागले. तारीख, विषय, नियमाचा क्रमांक. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग मराठीत सांगायची. ते मान हलवत होते. मग ती ओळ आली. त्यांनी माझंच वाक्य जसंच्या तसं उचललं होतं, आणि सुरुवातीला जोडलं होतं: क्लबने दिलेल्या लेखी निवेदनानुसार. मी ते इंग्रजीत भरभर वाचलं आणि मराठीत म्हटलं, "आधीच्या नोंदणीची माहिती मिळाली नव्हती, असं म्हणतात."

अब्बांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. नखात व्हार्निश होतं. बोट ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकवत नेलं, मग खालच्या अर्ध्या ओळीवरूनही.

"इतनी लंबी लाइन," ते म्हणाले, "अन् मतलब एवढासाच?"

त्यांना इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी लांबी पाहिली होती.

मी म्हटलं, "नाही. क्लबनं लिहून दिल्याप्रमाणे, मुलीनं जाणूनबुजून लपवलं, असं आहे."

"क्लब म्हणजे कोण? सर?"

"मी. पत्र मी लिहिलं होतं. तिनं मला सांगितलं होतं. तिचं नाव आमच्या यादीत मीच टाकलं, तिला न विचारता. तिनं काही लपवलं नाही."

ती पोत्यावरून उठली नाही. फक्त म्हणाली, "तुम्ही लिहिलं?"

"हो."

"माहं नाव घेऊन लिहिलं?"

"हो."

तिनं रिकामे कप गोळा केले. माझा भरलेलाच होता, तोही उचलला. अब्बा तिच्याकडे वळले आणि त्या दोन परक्या माणसांसमोर म्हणाले, "माफ करना बेटी. मैंने कागज का सुना, तेरा नहीं सुना." ती आत निघून गेली.

माफी मागायची तर मी मागायची होती. माझ्यासमोर ती दुसऱ्याच माणसानं मागून टाकली, ज्याची काही चूक नव्हती. त्यानंतर मी "सॉरी, चाचा" म्हटलं ते इतकं बारीक आवाजात की त्यांनी ऐकलं की नाही ठाऊक नाही. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, "अब क्या करना?"

मी सांगितलं की अपील करता येतं. तिथेच, तिच्या वहीतला कागद घेऊन मी लिहायला बसले. अब्बांची एकच अट होती. प्रत्येक ओळ लिहिली की मराठीत मोठ्यानं सांगायची. आयुष्यात मी एवढं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "मी स्वतःचा मोबाइल नंबर दिला." "कबुली मी दिली, खेळाडूने नाही." "माझे आधीचे निवेदन खोटे होते."

"हे मोठ्या अक्षरात लिहा बाई," बाकावरचा शेतकरी म्हणाला. "खोटं होतं, हे मोठ्या अक्षरात."

"तुह्या मोटारीचं पाहा तू," अब्बा त्याला म्हणाले.

खाली मी सही केली. अपील तिच्या नावानं जाणार होतं, म्हणून सही करायला तीही बाहेर आली. तिनं कागद माझ्या हातून घेतला, उभ्यानंच, आणि एकेका शब्दावर ओठ हलवत पूर्ण वाचला. बराच वेळ लागला. एकही शब्द मला विचारला नाही. मग सही केली.

यवतमाळला परत येऊन मी सरांना सांगितलं, कागद पाठवल्यावर. त्याच्या आधी नाही. ते ओसरीवर बसले होते.

"खरं बोलाचं होतं त पहिल्याच दिवशी बोलाचं होतं," ते म्हणाले. "तवा तोंड नाही उघडलं. आता उघडलं त मले न विचारता. माह्या सतरा पोरी आहेत. त्याईनं काय केलं तुहं?"

दिल्लीनं पुढे जे केलं ते नियमाप्रमाणे होतं. आमचा संघ लीगमधून काढला, क्लबची नोंदणी वर्षभरासाठी थांबवली, माझं लॉगिन बंद केलं. त्या सतरा जणींना मी काही सांगायला गेले नाही. सरांनी सांगितलं. नंतर त्यांतली एक मला बाजारात भेटली. "मॅडम, यंदा नाही ना?" म्हणाली. मी "नाही" म्हटलं, आणि ती कोथिंबिरीचा भाव करायला वळली. एका मुलीला न विचारता मी तिच्याबद्दल लिहिलं होतं, आणि ते निस्तरताना सतरा जणींना न विचारता लिहिलं. यातून दुसरी वाट होती का, हे मी अजून नीट सांगू शकत नाही. पहिल्या दिवशी होती, एवढं नक्की.

ढाणकीच्या मुलीचं निलंबन उठलं. आदेशात तिच्याबद्दलचं ते वाक्य रद्द केल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. पण तोवर राज्याचा कॅम्प होऊन गेला होता. नागपूरच्या क्लबनं तिची जागा ठेवली होती, कॉलेजही पुन्हा सुरू झालं होतं. हे मला तिच्या अब्बांनी फोनवर सांगितलं. आदेश कॅफेवाल्याकडून वाचून घेतलाय, म्हणाले, आणि एका कॉलेजच्या सरांकडूनही. दोघांनी सारखंच सांगितलं. माझ्याकडून वाचून घ्यायचं त्यांनी सुचवलं नाही.

"बेटा, तुम आए, अच्छा किया," ते म्हणाले.

मी धीर करून विचारलं, "ती आहे का घरी? एक मिनिट बोलायचं होतं."

फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. पण हात नीट बसला नव्हता. मला मागून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"बोलो, खेलने गई."

अब्बांनी फोनवरचा हात काढला.

"खेलने गई है, बेटा," ते म्हणाले.

"बरं," मी म्हटलं.